एक गाणं, एक गायक, 46 वर्षं : सिनात्राच्या ‘वन फॉर माय बेबी’च्या तुलनेच्या नोंदी

5 जानेवारी

काम असं आहे. अमेरिकी गायक फ्रँक सिनात्राने ‘वन फॉर माय बेबी’ हे एकच गाणं आयुष्यभर गायलं. त्याची वेगवेगळ्या वर्षांची ध्वनिमुद्रणं एकाखाली एक लावायची, कोणता शब्द कुठे पडतो हे कागदावर आणायचं आणि त्यावरून आमच्या ऐकणाऱ्या मंडळींसाठी दोन तासांचं सत्र तयार करायचं. दुसरा गायक किंवा दुसरं गाणं घेऊन हेच करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी ठेवते आहे.

गाणं हॅरल्ड आर्लेनच्या चालीचं, शब्द जॉनी मर्सरचे. 1943 च्या ‘द स्काय्ज द लिमिट’ या चित्रपटात ते फ्रेड अस्टेअरने पहिल्यांदा गायलं. रात्रीचे पावणेतीन वाजलेत, बार रिकामा आहे, आत एक गिऱ्हाईक आणि ज्यो नावाचा बारवाला. गिऱ्हाईक म्हणतं, तुला एक गोष्ट सांगायची आहे. मग ते पितं, ज्योची माफी मागतं, आपण कवी आहोत म्हणतं आणि गोष्ट न सांगताच निघून जातं. कुणीतरी सोडून गेलंय एवढंच आपल्याला कळतं.

हेच गाणं निवडण्याचं कारण असं की सिनात्रा त्याची चाल फारशी बदलत नाही. एला फिट्झजेराल्ड किंवा सारा वॉन या जॅझ गायिकांसारखा तो स्वरांशी खेळत नाही. तरीही 1947 चं गाणं आणि 1958 चं गाणं ऐकलं की वेगळी माणसं गातायत असं वाटतं. चाल तीच असेल तर बदललं काय, हे मला शोधायचं आहे.

यादी ठरवली : ऑगस्ट 1947 चं कोलंबिया कंपनीचं मुद्रण, 1954 चा ‘यंग ॲट हार्ट’ चित्रपट, जून 1958 चं कॅपिटल कंपनीचं मुद्रण, जून 1962 ची पॅरिसची मैफल, 1966 ची लास व्हेगासमधल्या सँड्स हॉटेलातली मैफल आणि 1993 ची ‘ड्युएट्स’ ही तबकडी.

12 जानेवारी

सगळा आठवडा एकाच गोष्टीत गेला. ऑनलाइन ऐकण्याच्या सेवांवर हे गाणं सिनात्राच्या नावाखाली असंख्य संकलनांत आहे. प्रत्येकाचं मुखपृष्ठ वेगळं, वर्ष वेगळं, लांबी दोन-चार सेकंदांनी कमीजास्त. त्यावरून ही सगळी वेगळी मुद्रणं वाटतात. बहुतेक सगळी 1958 चीच आहेत.

ओळखायची पद्धत : दोन्ही फायली ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक घ्या, सुरुवात अचूक जुळवा, एकीची लाट उलटी करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. मुद्रण आणि मास्टरिंग (प्रसिद्धीआधी आवाजावर केलेला शेवटचा हात) तेच असेल तर जवळजवळ शांतता उरते. पण मास्टरिंग वेगळं असेल तर मुद्रण एकच असूनही आवाज शिल्लक राहतो, म्हणून एवढ्यावर विसंबता येत नाही. त्यापेक्षा भरवशाची खूण मला दोन शब्दांमधल्या शांततेत मिळाली. गाण्यातल्या पाच-सहा जागा निवडून तिथल्या शांततेची लांबी मोजायची. एकाच रात्री लागोपाठ गायलं तरी माणूस ती सगळी अंतरं हुबेहूब परत आणू शकत नाही. ती सगळी अंतरं जुळली तर मुद्रण तेच समजा.

याच चाळणीतून एक वेगळी फाईल हाती आली. नाव 1958 च्याच गाण्याचं, पण वाद्यवृंद नाही, फक्त पियानो. मुख्य मुद्रणाच्या आदल्या दिवशी, 24 जूनला, पियानोवादक बिल मिलरबरोबर केलेला तो सराव आहे. पुढे कित्येक वर्षांनी तो प्रसिद्ध झाला. ही फाईल यादीत नव्हती. आता ती सगळ्या कामाच्या मध्यभागी असणार.

19 जानेवारी

जून 1958 चं मुद्रण ज्या तबकडीवर आहे त्या ‘ओन्ली द लोन्ली’ची जुनी मोनो एलपी (जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी) घेतली, 2,800 रुपयांना. मोनोच का, हे विचारणाऱ्यांसाठी : त्या काळात मोनो आणि स्टिरिओसाठी वेगवेगळी मांडणी व्हायची आणि घराघरांत वाजायची ती मुख्यतः मोनो. या तबकडीच्या पहिल्या स्टिरिओ आवृत्तीत तर दोन गाणी गाळलेलीच होती. आपलं गाणं दोन्हींत आहे, पण मोनोत आवाज आणि पियानो एकमेकांना जास्त चिकटून येतात.

तबकडी वाजवली तर ती सीडीपेक्षा खालच्या पट्टीत. टर्नटेबलचा पट्टा सैल झाला होता. नवा पट्टा 450 रुपये आणि नवी सुई 1,900. पट्टा बदलल्यावर वेग तपासायला स्ट्रोबची चकती छापून घेतली. तिच्यावर रेघा असतात; वेग बरोबर असला की विजेच्या दिव्याखाली फिरताना त्या स्थिर दिसतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. अमेरिकेसाठी बनवलेली 216 रेघांची चकती आपल्याकडे चालत नाही, कारण तिथली वीज 60 हर्ट्झची. आपल्या 50 हर्ट्झला मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीसाठी 180 रेघा लागतात. दुसरं, बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्थिर दिसतच नाहीत, कारण त्यांची लुकलुक विजेच्या ठोक्याबरोबर होत नाही. मी जुना पिवळा बल्ब लावला आणि रेघा लगेच थांबल्या.

हा खटाटोप कशासाठी? वेगात 1 टक्का फरक पडला तर स्वर सुमारे 17 सेंट सरकतो (पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट). 3 टक्के फरक म्हणजे त्या अंतराच्या जवळजवळ निम्मा. ‘वय वाढलं तशी त्याने पट्टी उतरवली’ असं कुणी म्हणायच्या आधी पट्टा तपासलेला असावा.

26 जानेवारी

आज ठोके. सॉनिक व्हिज्युअलायझर हे लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं मोफत सॉफ्टवेअर वापरते आहे. त्याला आपोआप ठोके शोधणारी जोडणी (प्लग-इन) लावली. 1947 वर ती बरी चालली. 1958 वर पूर्ण कोसळली. तिथे ढोल किंवा झांजेचा ठाम आधार नाही. पियानो रेंगाळत फिरतो, थांबतो, परत येतो. सॉफ्टवेअर मध्येच दुप्पट लय धरतं आणि मध्येच निम्मी.

म्हणून हाताने. गाणं वाजत असताना कळ दाबून खुणा करायच्या. बिनतारी हेडफोन लावून केलेल्या सगळ्या खुणा फेकून द्याव्या लागल्या. आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो, बोट त्या उशिरा पोचलेल्या आवाजावर पडतं आणि सगळा तक्ता सरकतो. गायक ठोक्याच्या किती मागे आहे हेच मोजायचं असताना हा उशीर सगळे निकाल खोटे करतो. तारेचे हेडफोन घ्या, 600 रुपयांचेही चालतील.

माझ्या खुणा तरीही डळमळत होत्या. मग तबला वाजवणारे एक ज्येष्ठ स्नेही घरी आले. इंग्रजी शब्दांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही, फक्त पियानोचा डावा हात ऐकला आणि पहिल्याच खेपेला स्वच्छ ठोके दिले. दुसऱ्या खेपेनंतर म्हणाले, “ताई, तुम्ही म्हणता हा माणूस मागे राहतो. तो मागे राहत नाहीये. पियानोवाला त्याला जागा करून देतोय आणि तो ती जागा हक्काने घेतोय. साथ ऐका, गाणं आपोआप कळेल.”

त्या दिवसापासून मी तक्त्यात शब्दांच्या खाली पियानोसाठी स्वतंत्र ओळ ठेवली.

2 फेब्रुवारी

गाण्याची बांधणी नीट मांडली. त्या काळची गाणी सहसा 32 मापांची. हे 58 मापांचं आहे. आर्लेन स्वतः अशा लांबलेल्या गाण्यांना ‘टेपवर्म’, म्हणजे पट्टकृमी, म्हणायचा. चार ठोक्यांचं एक माप धरलं तर 232 ठोके, वर सुरुवातीचा पियानो.

आता हिशेब बघा. 1947 मध्ये गाणं 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर बसायला हवं, म्हणजे तीन मिनिटं किंवा जरा जास्त. 232 ठोके तीन मिनिटांत बसवायचे तर मिनिटाला 77 पेक्षा कमी लय ठेवताच येत नाही, आणि सुरुवातीचं वादन धरलं तर त्याहूनही जास्त. 1958 मध्ये एलपी आहे. तिथे हे गाणं सव्वाचार मिनिटांच्याही पुढे जातं. गायकाची समज बदलली वगैरे बोलण्याआधी हे सांगितलंच पाहिजे : दुसऱ्या वेळी त्याला थांबायला जागा होती, पहिल्या वेळी नव्हती. सत्रात हा मुद्दा सगळ्यात आधी घेणार.

दुसरी गोष्ट पट्टीची. पहिलं कडवं एका षड्जावर, आणि दुसऱ्या कडव्यापासून षड्जच वर सरकतो, मोठ्या तिसऱ्या स्वरावर. आपल्या हिशेबात शुद्ध गंधार हा नवा सा होतो, आणि गाणं परत खाली येत नाही. हे तपासायला मोबाइलवरचा तानपुरा लावला. पहिल्या कडव्यात तो छान जुळतो आणि दुसऱ्या कडव्याला एकदम परका होतो. तानपुऱ्याचा सा गंधारावर नेला की पुन्हा जुळतो. सत्रात हे करून दाखवायला सोपं आहे, कुणालाही सिद्धान्त सांगावा लागत नाही. दुसऱ्या कडव्यात गिऱ्हाईक ज्योला गाणी वाजवणाऱ्या यंत्रात आणखी एक नाणं टाकायला सांगतं. गाणं तिथेच नव्या घरात शिरतं, आणि बहुतेक ऐकणाऱ्यांना ते कळतही नाही.

10 फेब्रुवारी

1947. वाद्यवृंद ॲक्सेल स्टोर्डालचा. सिनात्रा 31 वर्षांचा. आवाज नितळ, वाक्यं लांब आणि एकसंध. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सी ट्रॉम्बोनवर श्वास कसा पुरवतो हे बघून त्याने दमसास कमावला, आणि तो इथे प्रत्येक ओळीत ऐकू येतो. दोन ओळी जोडून म्हणायची एकही संधी तो सोडत नाही.

माझ्या तक्त्यावर या मुद्रणाचे शब्द ठोक्यांच्या अगदी जवळ पडतात. पियानोच्या ओळीत लिहिण्यासारखं थोडंच. गाणं सुंदर आहे, पण ज्यो तिथे नाही. हा माणूस सभागृहाला गाऊन दाखवतोय. श्वास न तोडता आलेली वाक्यं म्हणजे विचार आधीच पूर्ण झालेली वाक्यं, आणि पावणेतीन वाजता प्यायलेल्या माणसाचे विचार असे पूर्ण नसतात.

16 फेब्रुवारी

शब्द नेमका कुठे सुरू झाला हे ठरवण्यात बराच वेळ गेला. व्यंजन सुरू होतं तिथे की स्वर सुरू होतो तिथे? ‘थ्री’ या शब्दात सुरुवातीचा ‘थ्र’ ठोक्याच्या आधीच सांडतो आणि ‘ई’ ठोक्यावर किंवा त्याच्या मागे बसते. व्यंजन धरलं तर गायक वेळेवर दिसतो, स्वर धरला तर उशिरा. मी सगळीकडे स्वराची सुरुवात धरली. एक नियम ठरवा आणि सगळ्या मुद्रणांना तोच लावा, नाहीतर तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत.

आवाज आणि साथ वेगळी करणारी नवी साधनं वापरून पाहिली. ऐकायला चमत्कारच, पण या कामाला निरुपयोगी. पियानो काढताना ती व्यंजनांच्या कडा खातात आणि लांबवलेल्या स्वरांना पियानोचा घुमारा चिकटून राहतो. ज्या कडांवर खुणा करायच्या त्याच पुसट होतात. मूळ मुद्रणावर, सावकाश, निम्म्या वेगाने ऐकत खुणा करणं हाच मार्ग. स्वर आपोआप ओळखणारी जोडणीही पियानोच्या आवाजात फसते आणि मधूनच एक सप्तक वर उडी मारते. ते काम मी कानांवर सोपवलं.

24 फेब्रुवारी

1958. सगळ्यात जास्त वेळ याला दिला आणि दिलेला प्रत्येक तास सार्थकी लागला.

आधी सराव, नंतर मुख्य मुद्रण, असं लागोपाठ ऐका. वाद्यवृंदाची मांडणी नेल्सन रिडलची. मुख्य मुद्रणात तारवाद्यं आहेत, पण इतकी मागे की पहिल्यांदा ऐकताना ती आहेत हेच लक्षात येत नाही. पुढे आल्टो सॅक्सोफोन येतो, गस बिव्होनाचा, तोही दूरच्या टेबलावरून आल्यासारखा. हाताशी अख्खा वाद्यवृंद असताना रिडलने इतकं कमी लिहिलं, याचं मला फार मोल वाटतं. सराव त्याच्या शेजारी ठेवला की कारण कळतं. गाणं आदल्या दिवशीच, नुसत्या पियानोवर, पूर्ण उभं होतं. रिडलला त्याच्याभोवती फक्त अंधार करायचा होता.

तक्त्यावर काय दिसतं : ओळींच्या सुरुवाती मागे सरकल्या आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. ज्योला हाक मारतो ते शब्द जवळजवळ वेळेवर येतात, बोलल्यासारखे. स्वतःविषयीचे शब्द उशिरा येतात. 1947 मध्ये जोडलेल्या ओळी इथे मधोमध तुटतात. दम कमी पडला म्हणून नाही, कारण याच तबकडीवर इतरत्र तो लांबलचक वाक्यं सहज ओढतो. सांगावं की नको या विचाराने ती तुटतात. आणि जिथे तुटतात तिथे माझ्या पियानोच्या ओळीत काहीतरी लिहिलेलं आहे : मिलरचा उजवा हात दोन-चार सुरांनी ती जागा धरून ठेवतो, पुढच्या शब्दाला ढकलत नाही. त्या पियानोतच मला ज्यो ऐकू येतो.

गोष्ट सांगायचं कबूल करून न सांगणं, हे गाण्याचं मर्म शब्दांत पहिल्यापासूनच होतं. 1947 मध्ये ते गाऊन झालं. 1958 मध्ये ते घडतं.

या तबकडीविषयी वाचताना नेहमी दुःखाचा हिशेब मांडलेला आढळतो. अभिनेत्री एव्हा गार्डनरशी सिनात्राचा घटस्फोट 1957 मध्ये झाला. रिडलची आई आणि तान्ही मुलगी याच सुमाराला गेली. हे सगळं खरं आहे आणि त्याचा परिणाम झाला नसेल असं कोण म्हणेल. पण एवढ्याने तक्ता उलगडत नाही. मिलर 1951 पासून त्याच्याबरोबर होता. सात वर्षं दोघांनी एकमेकांची थांबायची सवय ओळखून घेतली होती. सरावाच्या मुद्रणात ती ओळख उघडी दिसते. दुःख पुष्कळ गायकांकडे असतं. हा पियानोवाला फक्त याच्याकडे होता.

3 मार्च

1954 चा ‘यंग ॲट हार्ट’. यात सिनात्रा बारमध्ये पियानो वाजवणारा नशिबाने मारलेला माणूस आहे आणि हे गाणं त्या प्रसंगातच येतं. मोजणीसाठी ही प्रत कामाची नाही, बोलणी आणि आसपासचे आवाज मध्ये येतात. तरीही यादीत ठेवलं, कारण 1947 आणि 1958 च्या मध्ये त्याला हे गाणं कॅमेऱ्यासमोर, एका पात्राच्या तोंडून म्हणावं लागलं. सभागृहाकडे पाठ फिरवायला तो इथे शिकला असावा असं माझं मत आहे.

11 मार्च

पॅरिस 1962 आणि सँड्स 1966 एकत्र घेतली.

पॅरिसला मोठा वाद्यवृंद नाही, सहा जणांची साथ आहे. ही मैफल तबकडी म्हणून 1994 मध्ये बाहेर आली. सँड्सला काउंट बेसीचा दणदणीत बँड मागे बसलेला आहे आणि क्विन्सी जोन्सची योजना. दोन्हीकडे या गाण्यासाठी पियानो पुढे येतो. बेसीच्या बँडनंतर उतरणारी ती शांतता हीच या प्रतीची खरी सुरुवात आहे, म्हणून सत्रात आधीच्या गाण्याचा शेवटही ऐकवणार. नुसतं गाणं कापून घेऊ नका.

मैफलीच्या प्रती मोजताना लक्षात आलं की थांबण्याच्या जागा 1958 च्याच आहेत, लांबी मात्र वेगळी. खोली शांत असली की तो जास्त थांबतो, कुजबूज असली की शब्द थोडा लवकर आणून लोकांना परत आत घेतो. जागा ठरलेल्या, त्यांची लांबी त्या त्या रात्रीची. विलंबित ख्याल गाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या मंडळींना हा भाग लगेच भिडेल अशी खात्री आहे.

22 मार्च

1993. ‘ड्युएट्स’वर हे गाणं शेवटी येतं. केनी जी सॅक्सोफोनवर ‘ऑल द वे’ वाजवतो आणि तिथून याच्यात उतरतो. सिनात्रा 77 वर्षांचा आहे. या तबकडीवरच्या जोडीदारांनी आपापले भाग नंतर, वेगळे मुद्रित केले. एकत्र गायन असं त्यात कुठे झालंच नाही.

आवाज जाडा झालाय, वरचे स्वर तो छाटून घेतो, काही जागी चाल सोडून सरळ बोलतो. हे सगळं मला पटतं. वयस्क माणसाच्या तोंडी हे शब्द आणखी खरे वाटतात. मला अडचण होते ती सॅक्सोफोनची. 1958 मध्ये जिथे मिलर जागा धरून ठेवायचा, तिथे आता ती जागा भरलेली आहे. तक्त्यावर सिनात्राचे थांबे अजूनही त्याच ठिकाणी आहेत. पण ऐकताना ते थांबे म्हणून उरत नाहीत. 46 वर्षांत या एकाच प्रतीत ज्यो मध्ये बोलतो.

मंडळींना हे कसं ऐकवायचं यावर बराच विचार केला. या प्रतीने सत्र संपवलं तर ते उतरणीची कहाणी होईल, आणि ती खोटी आहे, कारण गायक इथेही तेच करतोय जे त्याने 1958 मध्ये केलं.

29 मार्च

क्रम ठरला : 1947, मग पट्टी बदलण्याचं प्रात्यक्षिक, मग 1993, मग सँड्स, मग 1958 चं मुख्य मुद्रण, आणि सगळ्यात शेवटी 24 जूनचा सराव, पूर्ण. 1954 आणि पॅरिसचे फक्त तुकडे, मागितले तर.

खर्च, सीडी धरून, साधारण साडेसात हजारांच्या घरात गेला. यातले तबकडी, पट्टा आणि सुई वगळले तरी काम होतं, फक्त मोनो ऐकायला मिळत नाही. वेळ सगळ्यात जास्त गेला तो हाताने खुणा करण्यात, आणि तिथे वाचवण्यासारखं काही नाही.

तक्ते मोठ्या कागदावर छापून घेतले आहेत. वर वर्ष, खाली ठोके, त्याखाली शब्द, आणि सगळ्यात खाली पियानोची ओळ लाल शाईत. सत्राच्या आधी तबल्यावाल्या स्नेह्यांकडून 1958 चे ठोके एकदा पुन्हा तपासून घ्यायचे आहेत. मधल्या आठ मापांत दोन खुणांबद्दल मला अजून शंका आहे.